‘किती वाजता पोचाल?’ : लिफ्ट दुरुस्तीच्या धंद्यातून पाहिलेली शहराची स्मार्ट सेवा

लिफ्ट बंद पडल्यावर येणाऱ्या फोनमध्ये ‘काय बिघडलंय’ हा प्रश्न नंतर येतो. आधी येतो तो ‘किती वाजता पोचाल?’ आत माणूस अडकलेला असेल तर हाच प्रश्न वरच्या पट्टीत येतो. आमचा लिफ्ट देखभालीचा छोटा व्यवसाय आहे. आठ मेकॅनिक, दोन हेल्पर आणि फोनवर मी. आधीची नऊ वर्षं मी स्वतः मशीन रूममध्ये काढली, ब्रेक सेट केले, लिफ्ट ओढणारे पोलादी दोर म्हणजे रोप बदलले, वेग आवरणारे गव्हर्नर साफ केले. आता कॉल वाटायचं काम माझ्याकडे आहे. म्हणजे दिवसभर मी वेळेचा शब्द देत असते, आणि तो पाळला गेला तरच पुढच्या वर्षीचा करार टिकतो.

शहराने सुरू केलेल्या डिजिटल सेवा मी तीन वर्षं रोज वापरते आहे. रहदारी ओळखून वेळ बदलणारे सिग्नल, बसची थेट माहिती, रस्त्याकडेच्या पार्किंगचे सेन्सर, ऑनलाइन परवानग्या. स्मार्ट तंत्रज्ञानाने शहराची अर्थव्यवस्था वाढते असं पुष्कळदा लिहिलं जातं. ती नेमकी कुठून वाढते हे मला माझ्या कॉलच्या वहीत दिसलं, म्हणून हे परीक्षण लिहिते आहे.

वहीतला हिशेब साधा आहे. दरवाज्याच्या लॉकचा कॉन्टॅक्ट घासून बसवायला अर्धा तास पुरतो. बाकीचा दिवस रस्त्यावर जातो. पूर्वी दोन कॉलमध्ये मी एक तासाचं अंतर ठेवायची, कारण तोच रस्ता कधी वीस मिनिटांत सुटायचा, कधी पंचावन्न मिनिटं खायचा. वीस मिनिटांत पोचलेला मेकॅनिक पुढच्या इमारतीखाली चाळीस मिनिटं थांबून राहायचा. त्या चाळीस मिनिटांचा पगार आम्ही देत होतो, आणि तेवढा वेळ तिकडची माणसं जिने चढत होती. अशी वाया गेलेली वेळ शहरातल्या प्रत्येक प्लंबरची, वायरमनची, औषध पोचवणाऱ्याची जोडत गेलं तर केवढी होईल, याचा विचार मी तेव्हापासून करते आहे.

सिग्नलपासून सुरुवात करते, कारण सर्वांत जास्त फरक तिथे पडला.

असलेल्याच रस्त्यावरून जास्त गाड्या काढायची सिग्नलची ही युक्ती लिफ्टच्या धंद्यातल्या माणसाला पटकन समजते. आमच्याकडे ती आधी घडून गेली आहे. जुन्या पद्धतीत माणूस ‘वर’चं बटण दाबतो, जी लिफ्ट येईल तिच्यात शिरतो आणि आत गेल्यावर मजला सांगतो. सकाळच्या गर्दीत मग प्रत्येक लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत जाते. दुसऱ्या पद्धतीत मजला खाली लॉबीतच सांगायचा. कंट्रोलर एकाच बाजूला जाणाऱ्यांना एकत्र करतो आणि कोणाला कुठल्या लिफ्टमध्ये जायचं ते सांगतो. लिफ्ट जिथून वर-खाली जाते ते शाफ्ट तेवढेच, मोटरी त्याच, पण सकाळच्या अर्ध्या तासात जास्त माणसं वर पोचतात. ही कल्पना १९६१ साली सिडनीतले अभियंते लिओ पोर्ट यांनी मांडली. त्या काळातल्या यंत्रणेला ती पेलली नाही. शिंडलर कंपनीने १९९२ मध्ये ती संगणकाच्या जोरावर बाजारात आणली. आणि मला फार आवडणारी गोष्ट ही की हेच लिओ पोर्ट १९७५ मध्ये सिडनीचे लॉर्ड मेयर झाले.

त्याच सिडनीत, त्याच दशकात, ‘स्कॅट्स’ नावाची सिग्नल यंत्रणा उभी राहिली. दोन्हींचा एकमेकींशी संबंध होता असं माझं म्हणणं नाही. विचार मात्र एकाच जातीचा आहे: नवीन बांधकाम करण्याआधी असलेल्या जागेतून जास्त काम काढा. थांब्याच्या रेषेजवळ डांबराखाली तारेचं वेटोळं पुरलेलं असतं. वरून गाडी गेली की त्या तारेतल्या विजेच्या गुणधर्मात बदल होतो आणि खांबाजवळच्या पेटीला गाडी मोजता येते. मग यंत्रणा तीन गोष्टी बदलते: लाल-हिरव्याचं पूर्ण चक्र किती सेकंदांचं, त्यातला किती वाटा कोणत्या रस्त्याला, आणि पुढच्या चौकातला हिरवा दिवा किती सेकंद मागे ठेवायचा. ब्रिटनमध्ये त्याच सुमारास अशीच ‘स्कूट’ नावाची यंत्रणा तयार झाली. म्हणजे ज्याला आज स्मार्ट म्हणतात त्याचा पाया पन्नास वर्षांचा आहे. नवीन आहेत ते कॅमेरे, स्वस्त झालेली संगणनशक्ती आणि चौकाचौकांना जोडणारं नेटवर्क.

अमेरिकेत पिट्सबर्गमध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या रोबोटिक्स विभागाने २०१२ मध्ये नऊ चौकांवर ‘सरट्रॅक’ ही सिग्नल यंत्रणा चालवून पाहिली. तिथे प्रत्येक चौक स्वतःचा निर्णय स्वतः घेतो आणि आपल्याकडून किती गाड्या सुटल्या ते पुढच्या चौकाला कळवतो. त्या चाचणीत प्रवासाचा वेळ सुमारे २५ टक्के आणि थांबून राहण्याचा वेळ सुमारे ४० टक्के कमी झाला. एका चौकाची यंत्रणा बंद पडली तरी बाकीचे चालू राहतात, म्हणून ही रचना मला जास्त भरवशाची वाटते. एकाच पॅनलवर सगळ्या लिफ्ट टांगल्या की काय होतं ते आम्ही पाहिलेलं आहे.

आता माझा अनुभव. आमच्या नेहमीच्या रस्त्यावर असे सिग्नल आले तेव्हा पहिल्या महिन्यात मी निराश झाले, कारण वीस मिनिटांचा प्रवास वीस मिनिटांचाच राहिला. फरक कळला तो वही उलटून पाहिल्यावर. पंचावन्न मिनिटं लागलेल्या नोंदी जवळपास नाहीशा झाल्या होत्या. सगळ्यात वाईट दिवशीही पस्तिसाच्या आत मेकॅनिक पोचत होता. मी दोन कॉलमधलं अंतर तासावरून चाळीस मिनिटांवर आणलं, आणि माणशी चार कॉलचे पाच झाले. तेव्हा आमचे सहा मेकॅनिक होते. दिवसाला सहा कॉल वाढले, एकही गाडी किंवा हत्यार न वाढवता. त्या बळावर लांबच्या इमारतींचे करार घेता आले आणि पुढच्या वर्षी दोन मुलं नव्याने कामावर घेतली. अर्थव्यवस्थेची वाढ मी हातात धरून पाहिली ती एवढीच, पण ती खरी आहे.

एक धोका मात्र सांगायला हवा. रस्ता मोकळा वाटला की त्यावर आणखी गाड्या येतात आणि कमावलेला वेळ हळूहळू परत जातो. यावर ज्या शहरांनी धीराने काम केलं त्यात स्टॉकहोम आहे. जानेवारी ते जुलै २००६ असे सात महिने तिथे शहराच्या मध्यभागात गाडी नेण्यावर चाचणी म्हणून शुल्क लावलं, नंबर प्लेट कॅमेऱ्याने वाचून. हद्द ओलांडणारी वाहनं सुमारे २० टक्क्यांनी घटली. आधी लोकमत विरोधात होतं. फरक डोळ्यांनी पाहिल्यावर सप्टेंबरच्या सार्वमतात शहराने बाजूने कौल दिला आणि ऑगस्ट २००७ पासून शुल्क कायम झालं. सिंगापूरने हेच काम १९७५ मध्ये कागदी परवान्यांनी सुरू केलं होतं, १९९८ मध्ये ते इलेक्ट्रॉनिक झालं. आमच्यासारख्या धंद्याला असं शुल्क म्हणजे खर्च, हे मला मान्य आहे. तरीही मी ते आनंदाने भरीन. मेकॅनिकचा एक तास त्याहून महाग असतो.

बसच्या थेट माहितीला मी पाचपैकी पाच देते, आणि त्याचं श्रेय शहराच्या ॲपला नाही. ॲप साधारणच आहे. श्रेय आहे शहराने ती माहिती सर्वांना उघडी करून दिली याला.

आमचे निम्मे मेकॅनिक हत्यारांची पिशवी घेऊन बसने फिरतात. बस किती वाजता येणार हे मला फोनवर बसल्या बसल्या दिसतं. दोन तरुण मुलांनी आम्हाला एक छोटी प्रणाली करून दिली आहे. तिच्यात कॉल आला की सर्वांत जवळचा मेकॅनिक आणि त्याची पुढची बस एकत्र दिसते. त्या मुलांना शहराच्या कुठल्याही कचेरीत जावं लागलं नाही, कारण माहिती ठरलेल्या साच्यात खुली आहे. त्या साच्याची गोष्टही सांगण्यासारखी आहे. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडच्या ‘ट्रायमेट’ या वाहतूक संस्थेत बिबियाना मॅकह्यू काम करत. अनोळखी शहरात गाडीने कसं जायचं हे इंटरनेटवर सहज सापडतं आणि बसने कसं जायचं हे मात्र सापडत नाही, ही त्यांची तक्रार होती. त्यांनी गूगलकडे आपलं वेळापत्रक देऊ केलं आणि २००५ मध्ये त्यातून थांबे, मार्ग, वेळा लिहिण्याचा एक समान साचा तयार झाला. मजकुराच्या साध्या फाइली, कुणालाही उघडता येतील अशा. आज जगभरच्या वाहतूक संस्था तो वापरतात. लंडनच्या वाहतूक संस्थेने आपली माहिती अशीच खुली केली. त्यावर सहाशेहून जास्त ॲप उभी राहिली, आणि डेलॉइट या सल्लागार कंपनीने २०१७ मध्ये केलेल्या अंदाजानुसार त्यातून वर्षाला १३ कोटी पाउंडांपर्यंत फायदा होतो. सिमेंटची एक गोणीही न लावता झालेला फायदा.

याच जातीचं एक काम दक्षिण कोरियातल्या सोल शहराने केलं, आणि ते माझ्या मनात घर करून आहे. २०१३ मध्ये तिथे रात्रीची बस सुरू करायची होती. मार्ग कुठून न्यायचे हे ठरवण्यासाठी रात्री उशिरा झालेल्या सुमारे ३०० कोटी मोबाइल कॉलच्या नोंदी तपासल्या. मध्यरात्रीनंतर माणसं कुठे असतात आणि त्यांना कुठे जायचं असतं ते त्यातून दिसलं. ‘घुबड बस’ असं त्या सेवेचं नाव. रात्री काम संपवून निघणाऱ्या सफाई कामगाराला, स्वयंपाकघरातल्या माणसाला घरी न्यायची सोय झाली, तर तो ते काम स्वीकारू शकतो. आमच्याकडे रात्रीचे ब्रेकडाउन कॉल येतात. कोण जाणार हे मेकॅनिकच्या कौशल्यावरून ठरायला हवं, पण ते ठरतं त्याच्याकडे दुचाकी आहे का यावरून. आमचा दरवाज्यांतला सर्वांत हुशार मेकॅनिक दुचाकी चालवत नाही. तो म्हणतो, “ताई, जायला मी तयार आहे, पण परत कसा येऊ?” रात्रीच्या बसची माहिती शहराच्या ॲपवर नाही, कारण रात्री बसच नाही. इथे सेवा कमी पडते.

पार्किंगच्या सेन्सरला दोन. मोटर किंवा रोपचं भेंडोळं उतरवायला आम्हाला इमारतीजवळ दहा मिनिटं जागा हवी असते. पहिलं वर्षभर ॲप ‘जागा रिकामी’ म्हणालं की ती खरोखर रिकामी असायची. मग एकेक सेन्सर मुका होत गेला. आता ॲप पाहून गेलं तर तिथे हमखास कुणीतरी उभं असतं. सॅन फ्रान्सिस्कोने २०११ मध्ये हजारो जागांवर असे सेन्सर बसवले होते. डोनाल्ड शूप या प्राध्यापकांनी वर्षानुवर्षं दाखवून दिलं होतं की गर्दीच्या भागातल्या वाहनांपैकी बराच हिस्सा जागा शोधत गोल फिरत असतो. त्यांच्याच विचाराने तिथे मागणीप्रमाणे दर कमी-जास्त केले, प्रत्येक गल्लीत एखादी तरी जागा मोकळी राहावी म्हणून. चाचणीच्या भागात जागा शोधण्याचा वेळ ४३ टक्क्यांनी घटला. तिथेही सेन्सर दोन-तीन वर्षांतच बंद करावे लागले. पण त्यांनी काम सोडलं नाही. मीटरवर भरलेल्या पैशांच्या नोंदींवरून किती जागा भरलेल्या असतात याचा अंदाज बांधायला शिकले आणि पुढे ती पद्धत शहरभर नेली. आमच्याकडे सेन्सर मेल्यावर विचारही थांबला, याचं मला दुःख आहे.

विजेबद्दल लिफ्टवालीने लिहिलंच पाहिजे. वीज गेली की लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबते. बॅटरीवर चालणारं सुटकेचं यंत्र असेल आणि त्याची बॅटरी सांभाळलेली असेल तर ती जवळच्या मजल्यावर येऊन दार उघडते. नाहीतर आमचा फोन वाजतो, आणि असे फोन एकाच वेळी दहा इमारतींतून येतात. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या चॅटानूगा या मध्यम आकाराच्या शहराने याचं उत्तर शोधलं. तिथली वीज कंपनी शहराच्याच मालकीची आहे. तिने तारांच्या जाळ्यात सुमारे बाराशे स्वयंचलित स्विच बसवले. झाड पडून तार तुटली की स्विच आपापसांत बोलून तेवढाच तुकडा वेगळा काढतात आणि बाकीच्यांना दुसऱ्या बाजूने वीज देतात. स्विचना बोलायला ऑप्टिकल फायबर लागलं, मग तेच फायबर घराघरांत दिलं. २०१० मध्ये सगळ्या शहराला गिगाबिट वेगाचं इंटरनेट मिळालं, अमेरिकेत तोवर कुठल्या शहरात नव्हतं तसं. यासाठी केंद्र सरकारकडून सुमारे ११ कोटी डॉलरचं साहाय्य होतं. टेनेसी विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ बेंटो लोबो यांनी दहा वर्षांचा हिशेब मांडला: २६९ कोटी डॉलरचा फायदा आणि सुमारे साडेनऊ हजार रोजगार. न गेलेल्या विजेमुळे जे नुकसान टळलं तेही त्यांनी धरलं आहे. मला ते योग्य वाटतं. बंद न पडलेली लिफ्ट कुणाच्या लक्षात येत नाही, आणि आमच्या सगळ्या धंद्याची किंमत तिच्यातच आहे.

ऑनलाइन परवानग्यांना चार. जुनी मशीन गच्चीवरून उतरवायला क्रेन लागते, क्रेनला रस्त्याची परवानगी लागते. पूर्वी तीन खिडक्या होत्या, आता एक अर्ज आहे. एक गुण कापला तो यासाठी की आमचा नोंदणी क्रमांक आणि पत्ता दर अर्जात नव्याने भरावा लागतो. एस्टोनियाने २००१ पासून सरकारी खात्यांना ‘एक्स-रोड’ या माहिती देवाणघेवाणीच्या यंत्रणेने जोडलं, म्हणून एका खात्याकडे असलेली माहिती दुसरं खातं नागरिकाकडे पुन्हा मागत नाही. छोट्या धंद्यात अर्ज भरणारा आणि काम करणारा माणूस एकच असतो. त्याचे ते पाऊण तास मोलाचे आहेत.

नियंत्रण कक्षातली मोठी पडद्यांची भिंत मला एकदा दाखवली होती. सुंदर आहे. चौकातले माहितीचे खांब मी वापरले नाहीत, वापरणारं कुणी पाहिलंही नाही.

माहिती कुणाची, हा प्रश्न मला आता पूर्वीपेक्षा जास्त सतावतो. टोरंटोमध्ये गूगलच्या मूळ कंपनीतल्या ‘साइडवॉक लॅब्स’ने २०१७ मध्ये किनाऱ्यालगतचा भाग नव्याने वसवायचा प्रकल्प जाहीर केला. रस्त्यावरच्या माणसांची माहिती कोण गोळा करणार आणि कोणाजवळ राहणार यावरून मोठा वाद झाला. मे २०२० मध्ये आर्थिक अनिश्चिततेचं कारण देऊन कंपनीने प्रकल्प सोडला. मी माझ्या मेकॅनिकांचं ठिकाण पाहते ते कामाच्या वेळेत, त्यांना सांगून, आणि संध्याकाळी ते बंद होतं. शहराने माझ्याशी निदान तेवढं तरी पाळावं, एवढीच अपेक्षा आहे. लोकांचा विश्वास गेला तर खुल्या माहितीचं दार सर्वांत आधी बंद होईल, आणि माझा धंदा त्याच दारातून वाढला आहे.

एकूण पाचपैकी साडेतीन देते. कापलेला दीड गुण जवळजवळ सगळा देखभालीचा आहे. लिफ्ट बसवणारा एकदाच येतो. देखभाल करणारा वीस वर्षं येतो, आणि लिफ्टचं आयुष्य हा देखभाल करणाराच ठरवतो. म्हणून आमच्या प्रत्येक मशीन रूममध्ये एक लॉगबुक टांगलेलं असतं: काय बिघडलं, कधी कळवलं, किती वाजता सुरू झालं. शहर आपल्याला सांगतं की किती चौकांवर नवे सिग्नल बसवले. आज त्यातल्या किती चौकांखालची वेटोळी जिवंत आहेत, हे कुठे लिहिलेलं सापडत नाही. हा एक आकडा रोज जाहीर झाला तर मी लगेच अर्धा गुण वाढवीन.

हे लिहायला बसण्याचं कारणही तेच. आमच्या नेहमीच्या रस्त्यावरच्या तिसऱ्या चौकात पाइप टाकण्यासाठी खोदकाम झालं आणि डांबराखालची तार तुटली. खड्डा बुजला, डांबर झालं, तार तशीच राहिली. सिग्नल चालू आहे, पण आंधळा. रस्ता रिकामा असला तरी ठरलेले सेकंद मोजत बसतो. चौथ्याच दिवशी माझ्या वहीत पन्नास मिनिटांची नोंद आली, म्हणून मी जाऊन पाहिलं आणि तक्रार नोंदवली. क्रमांक मिळाला आहे. आज तेविसावा दिवस. त्या बाजूच्या कॉलना मी पुन्हा एक तासाचं अंतर ठेवते आहे.